दिव्यांग लेकरू दहावीपर्यंत न्यायचे कसे?

जून महिना आला की वस्तीत दप्तरांची, वह्यांची, दाखल्यांची धावपळ सुरू होते. याच महिन्यात काही घरांत एक निर्णय गुपचूप होऊन जातो. ज्या मुलाला नीट ऐकू येत नाही, जी मुलगी कुबडीशिवाय चालू शकत नाही, ज्याला आठवी झाली तरी सलग वाचता येत नाही, त्याच्याबद्दल घरातले म्हणतात, "आठवी झाली, बास झालं. आता याला घरीच राहू द्या."

हा निर्णय कोणी वाईट हेतूने घेत नाही. आठवीपर्यंतची शाळा वस्तीजवळ असते, गुरुजी ओळखीचे असतात. हायस्कूल लांब असते, विषय अवघड होतात, वर्गात साठ-सत्तर मुले असतात, आणि पुढे दहावीचे बोर्ड असते. त्या उंबरठ्यावर दिव्यांग लेकरू गळते. शाळेच्या पटावर पुष्कळदा नाव राहते, लेकरू मात्र घरी असते. सोनपेठ तालुक्यात याला आणखी एक कारण आहे. दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी आपली अनेक घरे आहेत. आईबाप फडावर आणि लेकरू म्हातारीजवळ, अशा वेळी शाळा सुटायला निमित्त लागत नाही.

आरोग्याच्या पानावर हा विषय घेण्याचे कारण असे की दिव्यांग मुलाचे शिक्षण दवाखान्यापासून सुरू होते. वेळेवर तपासणी, वेळेवर दाखला, योग्य साधन आणि शाळेतला योग्य बदल, या चार गोष्टी जुळल्या तर असंख्य मुले दहावी, बारावी आणि त्यापुढेही जाऊ शकतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. म्हणजे हा एखाद्या घरापुरता प्रश्न नाही.

मागच्या जन्माचे पाप? नाही!

सर्वांत आधी मनातला दगड काढू. "मागच्या जन्मी काही केलं असेल" हे वाक्य आजही आपल्या काही घरांत ऐकू येते. दीक्षा घेऊन पिढ्या गेल्या, तरी लेकरू दिव्यांग जन्मले की जुनी भाषा तोंडावर येते, कोणी अंगारा आणतो, कोणी आईच्या ग्रहणातल्या चुका काढतो.

बाबासाहेबांनी "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत स्पष्टपणे नाकारला आहे. माणसाची आजची अवस्था मागच्या जन्माच्या कर्मामुळे आहे असे मानले, तर समाज आणि शासन दोघेही आपल्या जबाबदारीतून मोकळे होतात, हा त्यांचा मुद्दा होता. दिव्यांग मुलाच्या बाबतीत नेमके हेच घडते. दोष नशिबाला दिला की शाळेत उतार का नाही, श्रवणयंत्र का मिळाले नाही, हे कोणी विचारत नाही.

दिव्यांगत्वाची कारणे शोधता येतात. बाळंतपणात बाळाला प्राणवायू कमी मिळणे, कमी दिवसांचे बाळ, कावीळ डोक्यात जाणे, गोवर किंवा मेंदूज्वर, अपघात, वर्षानुवर्षे वाहणारा कान, आणि काही आजार आनुवंशिक. आपल्याकडे मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक करण्याची रीत आहे. जवळच्या नात्यातल्या लग्नात काही आनुवंशिक आजारांची शक्यता वाढते. हे सांगण्यामागे आईबापाला दोष देण्याचा हेतू नाही. पुढची सोयरीक डोळे उघडे ठेवून करावी, एवढ्यासाठी सांगितले.

चुळपंथकाचे फडके

पाली परंपरेत दोन भावांची गोष्ट येते. महापंथक हुशार, चुळपंथक मंद. धाकट्याला चार महिन्यांत एक गाथासुद्धा पाठ झाली नाही. थोरल्या भावानेच त्याला सांगितले, तू विहारातून निघून जा. चुळपंथक पहाटे निघाला तेव्हा तथागत त्याला वाटेत भेटले. त्यांनी त्याला हाकलले नाही आणि तीच गाथा पुन्हा घोकायलाही लावली नाही. त्याच्या हातात एक स्वच्छ फडके दिले आणि ते चोळत "रजोहरणं" एवढा एकच शब्द म्हणायला सांगितले. चोळता चोळता फडके मळले. स्वच्छ वस्तू मळते, सगळे बदलते, हे त्याने हाताने पाहिले आणि अनित्यता समजून घेतली. पुढे तो अर्हत झाला.

विशेष शिक्षण म्हणजे दुसरे काय असते? जे इतरांना तोंडपाठ करून समजते ते याला हाताने करून समजते, हे ओळखणे. भावाने विद्यार्थी बदलायला पाहिला. बुद्धांनी पद्धत बदलली. शाळेत शिक्षक जेव्हा म्हणतात, "याच्या डोक्यात काही शिरत नाही," तेव्हा ही गोष्ट आठवावी आणि विचारावे, "सर, दुसऱ्या पद्धतीने शिकवून पाहिलं का?"

या वयात काय पाहावे?

काही अडचणी जन्मापासून दिसतात. काही मात्र हायस्कूलच्या वयात उघड होतात, आणि त्या आळस किंवा मस्ती समजून मार खातात.

कान : मुलगा मागून हाक मारली तर वळत नाही, टीव्हीचा आवाज मोठा करतो, श्रुतलेखनात शब्द गाळतो. कान वाहत असेल तर तेल, लसूण, औषधी पाला घालू नये. कान कोरडा ठेवून डॉक्टरांना दाखवावे. वाहणारा कान बरा करता येतो. दुर्लक्ष केले तर ऐकू येणे कायमचे कमी होऊ शकते.

डोळा : फळ्यावरचे चुकीचे उतरवतो, वही नाकाजवळ धरतो, दिवेलागणीनंतर धडपडतो. काहींना नुसता चष्मा पुरतो. चष्म्यानेही भागत नसेल तर तो अल्पदृष्टीचा प्रकार असू शकतो. त्याला मोठ्या अक्षरांची पुस्तके आणि भिंग लागते.

स्नायू : लहानपणी चालणारा मुलगा दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत वारंवार पडू लागतो, जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकवतो, पोटऱ्या फुगीर दिसतात. हा स्नायुदुर्बलतेचा आजार असू शकतो. अशा मुलाला "खेळत नाही, म्हणून अशक्त झाला" म्हणून पळायला लावू नये.

वाचन-लेखन : बोलण्यात तरबेज, हिशोबात चलाख, पण वाचताना अडखळतो, जोडाक्षरे उलटी लिहितो, एका पानाला तास घेतो. ही अध्ययन अक्षमता असू शकते. बुद्धी चांगली असते. अक्षर आणि आवाज यांची सांगड मेंदूत सहज बसत नाही.

फिट : एकटक बघत राहणे, हातातली वस्तू गळणे किंवा पूर्ण झटका. झटका आल्यास चप्पल किंवा कांदा हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये. कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला कराव्यात, वेळ पाहावी. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर दवाखाना गाठावा. गोळ्या मनाने बंद करू नयेत.

सिकलसेल : विदर्भातल्या बौद्ध समाजात आणि आदिवासी पट्ट्यात हा आजार अधिक आहे, आणि सोयरिकीमुळे तो आपल्याकडेही येऊ शकतो. सांधे आणि हाडे अचानक असह्य दुखणे, वारंवार कावीळ, रक्त कमी असणे ही लक्षणे असतात. अशा मुलाला वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी, भर उन्हात कवायत करायला लावू नये, आणि दुखण्याच्या दिवसांची गैरहजेरी समजून घ्यावी.

तपासणी आणि कार्ड

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात पालघर येथे झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी हा त्याचा गाभा आहे. आरोग्य पथक शाळेत वर्षातून एकदा येते. त्या दिवशी आपले लेकरू शाळेत असलेच पाहिजे. अनेक घरांत नेमक्या त्या दिवशी दिव्यांग मुलाला घरी ठेवतात, "उगाच लोक बघतील" म्हणून. पथकाने पुढे पाठवले तर जिल्हा रुग्णालयात तपासणी आणि उपचार पुढे सरकतात.

यानंतर दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो. सोनपेठच्या कोणत्याही सेवा केंद्रात तो भरून घेता येतो. आधार, फोटो, रहिवासाचा पुरावा आणि जुने दवाखान्याचे कागद लागतात. तपासणी राहत्या जिल्ह्यात, म्हणजे परभणीला होते. लेकराचा उपचार आधीच दुसऱ्या जिल्ह्यातल्या शासकीय रुग्णालयात चालू असेल, तर तिथेही अर्ज करण्याची तरतूद नियमात आहे. आपल्यातले पुष्कळजण परळीमार्गे अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात जातात, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

परभणीला जाऊन यायला पूर्ण दिवस जातो, रोज बुडतो. म्हणून निघण्याआधी चौकशी करावी की त्या प्रकारचे तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात. कानासाठी वेगळा, डोळ्यासाठी वेगळा, मानसोपचारासाठी वेगळा वार असू शकतो. चार-पाच घरांनी मिळून एक गाडी केली तर खर्चही वाटला जातो.

जुन्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये ते २१ झाले. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, स्नायुदुर्बलता, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, वाचा-भाषा दोष हे त्यात आहेत. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व लागते. अध्ययन अक्षमतेचा दाखला आठ वर्षांनंतर मिळतो, १४ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते आणि १८ व्या वर्षी दिलेला दाखला कायमचा राहतो. म्हणजे नववीच्या सुमारास फेरतपासणी येतेच. ती चुकली तर दहावीच्या सवलती अडकतात.

शाळेत कोण काय करते?

समावेशित शिक्षण हा शब्द आपण ऐकतो. अर्थ साधा आहे : दिव्यांग मूल आपल्या गावच्या नेहमीच्या शाळेत, इतर मुलांबरोबर, पण त्याला लागणाऱ्या आधारासह शिकेल. २०१६ च्या कायद्याचे ३१ वे कलम सांगते की ६ ते १८ वर्षांच्या, ४० टक्क्यांवरील दिव्यांग मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मोफत शिक्षण १४ वर्षांना संपते असे कोणी सांगितले, तर दिव्यांग मुलासाठी ते १८ पर्यंत आहे, हे ठामपणे सांगावे.

२००९-१० मध्ये माध्यमिक शाळेतल्या दिव्यांग मुलांसाठी वेगळी केंद्रीय योजना सुरू झाली. २०१८ पासून ती समग्र शिक्षा अभियानात सामावली गेली. या अभियानाची साखळी आपल्याला माहीत हवी. शाळेत पहिली जबाबदारी मुख्याध्यापकांची. तालुक्याला गटसाधन केंद्र असते. समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ आणि फिरते विशेष शिक्षक तिथून शाळांना भेटी देतात. त्यांच्यावर पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा पातळीवर जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग.

विशेष शिक्षक होण्यासाठी वेगळा अभ्यासक्रम करावा लागतो आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. अशा शिक्षकांची संख्या फार कमी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात यावर बोट ठेवले. त्यानंतर केंद्राने प्रमाण जाहीर केले : प्राथमिकला दर दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक व माध्यमिकला दर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक. गावागावांत चित्र यापासून दूर आहे. एक फिरता शिक्षक अनेक शाळा सांभाळतो. म्हणून ते कोणत्या दिवशी आपल्या शाळेत येतात हे पालकांनी विचारून ठेवावे आणि त्या दिवशी स्वतः भेटावे.

चांगले काम करणारा विशेष शिक्षक फक्त मुलाला शिकवत नाही. तो गणिताच्या सरांना सांगतो की या मुलीकडे तोंड करून बोला, फळ्याकडे तोंड करून नको, कारण ती ओठ वाचते. तो वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर तळमजल्यावर आणायला मुख्याध्यापकांना सांगतो. तो वर्गमित्र ठरवतो, जो वही उतरवायला मदत करील. थोडक्यात, तो पूर्ण शाळेला त्या मुलासाठी तयार करतो. शाळेत असा कार्यक्रम चालवायचा म्हणजे हेच.

वैयक्तिक शैक्षणिक आराखडा

या सगळ्याचा कणा म्हणजे मुलाचा वैयक्तिक आराखडा. शाळेत विचारावे, "आमच्या लेकराचा आराखडा केला आहे का? आम्हाला दाखवा." तो पालकांसमोर बसून करायचा असतो. त्यात चार गोष्टी असतात : आज काय येते, वर्षअखेर काय यायला हवे, त्यासाठी कोण काय बदल करील, आणि तपासणी कधी.

उदाहरण घेऊ. समजा, नववीतला एक मुलगा आहे. तोंडी विचारले तर इतिहास घडाघडा सांगतो, बाजारात हिशोब चुकत नाही. पण एक परिच्छेद वाचायला दहा मिनिटे लागतात आणि पेपर अर्धा कोरा राहतो. अध्ययन अक्षमतेचा दाखला आहे.

आज काय येते : तिसरीच्या पातळीचे वाचन, सातवीच्या पातळीचे तोंडी गणित, ऐकून समजणे उत्तम.

वर्षअखेर : पाचवीच्या पातळीचे वाचन, विज्ञान आणि इतिहासाची उत्तरे तोंडी किंवा लेखनिकाकडून पूर्ण देणे.

कोण काय करील : भाषेच्या बाई रोज पंधरा मिनिटे मोठ्या अक्षरातला उतारा घेतील. विज्ञानाचे सर घटक चाचणी तोंडी घेतील. मोठी बहीण धडे मोबाइलवर वाचून आवाज भरून ठेवील, मुलगा ते रात्री ऐकेल. वर्गात त्याला उभे करून मोठ्याने वाचायला लावायचे नाही.

तपासणी : दिवाळीपूर्वी एकदा, फेब्रुवारीत एकदा.

यात महागडे काही नाही. आईला वाचता येत नसले तरी ती बसू शकते. लेकरू कधी थकते, कशाने चिडते, कशात रमते, हे तिच्याएवढे कोणाला माहीत असते? त्या कागदावर आईची सही किंवा अंगठा असावा.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलासाठी आराखडा वेगळा असेल. पैसे मोजणे, एसटीचा बोर्ड ओळखणे, स्वतःचे नाव-पत्ता सांगणे, मोबाइल लावणे, कोणाचा स्पर्श वाईट हे ओळखणे, हेही शिक्षण आहे. त्याला बीजगणितात नापास करण्यापेक्षा बाजारात पाचशेची नोट मोडता येणे महत्त्वाचे.

दहावीची तयारी नववीत

बोर्डाच्या सवलती आपोआप मिळत नाहीत. परभणी जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळाखाली येतो. शाळेने दाखल्यासह प्रस्ताव मंडळाकडे पाठवावा लागतो. म्हणून नववीतच कागद तयार ठेवावेत आणि दहावीचा अर्ज भरताना दिव्यांगत्वाचा रकाना भरला आहे का, हे स्वतः पाहावे.

प्रकारानुसार मिळणाऱ्या मुख्य सवलती अशा : तासाला २० मिनिटे जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, लेखनिक, तळमजल्यावर बैठक, आकृती व नकाशांबाबत सूट, काही प्रकारांत भाषा किंवा गणित विषयात पर्याय. पर्याय घेताना जपावे. गणित सोडले की काही आयटीआय व पदविका अभ्यासक्रमांचे दार बंद होते. सवलत मिळते म्हणून घेऊ नये. पुढे काय करायचे ते ठरवून घ्यावी.

लेखनिक ऐनवेळी शोधू नये. खालच्या इयत्तेतला, स्पष्ट अक्षराचा मुलगा आधी ठरवावा आणि दोघांनी घटक चाचण्यांत सराव करावा. "उत्तर सांगणे" ही वेगळी कला आहे. ती सरावानेच येते. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार खटल्यात म्हटले की ४० टक्क्यांखाली दिव्यांगत्व आहे एवढ्या कारणावरून गरजूला लेखनिक नाकारता येणार नाही. हा आधार लक्षात ठेवावा.

शाळा सुटलीच असेल तरी दार बंद नाही. १७ नंबरचा अर्ज भरून किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी करता येते.

कोयत्यावर जाण्याआधी

उचल घेतली की मुकादमाची तारीख ठरते. त्याआधी हे करावे. लेकरू मागे ठेवायचे असेल तर हंगामी वसतिगृहाची चौकशी शाळेत करावी आणि त्याला लागणारा आधार तिथे कोण देणार ते ठरवावे. आजीजवळ ठेवायचे असेल तर आजीला औषधाची वेळ आणि गुरुजींचा फोन द्यावा. फिटच्या गोळ्या, सिकलसेलच्या गोळ्या पूर्ण हंगामाच्या मोजून घ्याव्यात. श्रवणयंत्राचे सेल आणि साचा पाहावा. मूल वाढते तसा कानाचा साचा सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारते, तेव्हा यंत्र बिघडले म्हणून पेटीत टाकू नये, साचा बदलून घ्यावा. यूडीआयडी कार्डाची प्रत आईजवळ आणि आजीजवळ, दोन्हीकडे असावी.

मुलगी असेल तर

दिव्यांग मुलीवर जात, गरिबी, बाईपण आणि दिव्यांगत्व अशी चार ओझी एकदम येतात. पाळी सुरू झाली की तिला घरी बसवतात. खरे तर शाळेत कडी लागणारे, पाणी असणारे शौचालय नाही हा मुद्दा असतो, आणि तो शाळा व्यवस्थापनाकडे मांडायचा असतो. पाळीची स्वच्छता बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीलाही टप्प्याटप्प्याने शिकवता येते. तिच्या सुरक्षिततेबद्दल उघड बोलावे. कोणी छेडले तर पोक्सो कायदा २०१२ दिव्यांग मुलीलाही पूर्ण संरक्षण देतो. घाईने लग्न लावून देणे हा उपाय नाही.

पैसा कुठून?

समग्र शिक्षेत दिव्यांग मुलींना पहिली ते बारावी दरमहा २०० रुपयांप्रमाणे दहा महिन्यांचा भत्ता आहे. नववी-दहावीसाठी केंद्राची मॅट्रिकपूर्व आणि अकरावीपासून मॅट्रिकोत्तर दिव्यांग शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नमर्यादा अडीच लाख. अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती आणि ही, दोन्ही एकदम मिळत नाहीत; जास्त फायद्याची कोणती ते अर्ज भरण्याआधी मोजावे. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, आणि ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत शाळेचा पास मोफत. चाकाची खुर्ची, तीनचाकी, श्रवणयंत्र, ब्रेल साहित्य यांसाठी समग्र शिक्षेची आणि एलिम्कोची शिबिरे होतात. नाव शाळेतून जाते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी निरामय विमा योजना वर्षाला एक लाखापर्यंत उपचारखर्च देते.

ग्रामपंचायत असो की नगरपंचायत, तिने स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उठून विचारावे : "गेल्या वर्षीचे पाच टक्के कुठे गेले?"

बारावीनंतर उच्च शिक्षणात ५ टक्के आणि सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे. हे समांतर आरक्षण आहे; अनुसूचित जातीचा दाखलाही सोबत चालतो. म्हणून जातीचा दाखला आणि दिव्यांगत्वाचा दाखला, दोन्ही जपावेत. सिकलसेलसारख्या रक्ताच्या आजारांना नोकरीतले ४ टक्के लागू नाहीत, पण ४० टक्क्यांचा दाखला असल्यास उच्च शिक्षणातले ५ टक्के लागू आहेत.

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा मेंदूचा पक्षाघात असलेले लेकरू १८ वर्षांचे झाले की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा.

शाळा नाही म्हणाली तर?

"आमच्याकडे सोय नाही" असे म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. भांडण करण्याआधी अर्ज करावा. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा आणि प्रतीवर पोच घ्यावी. उत्तर नाही आले तर गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे माध्यमिक शिक्षणाधिकारी, मग पुण्याचे दिव्यांग आयुक्त. लोकांसमोर दिव्यांग व्यक्तीचा मुद्दाम अपमान करणे हा ९२ व्या कलमाखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे. जातीवरून बोलले असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ आहेच.

त्याचबरोबर आपल्याच घरात आपण काय म्हणतो तेही तपासावे. लंगडा, बहिरी, येडं ही हाक आपल्याच गल्लीत आधी ऐकू येते. लेकराला नाव आहे, त्या नावाने हाक मारावी.

विहार काय करू शकतो?

बुद्धविहाराच्या पायरीशेजारी उतार बांधायला सिमेंटच्या थोड्या गोण्या लागतात. संध्याकाळी विहारात एक तास अभ्यासवर्ग, त्यात कॉलेजातला एक मुलगा दिव्यांग मुलांना धडे वाचून दाखवील, एवढे ठरवले तरी दोन-तीन लेकरे तरतील. विहाराच्या वहीत वस्तीतल्या प्रत्येक दिव्यांग मुलाचे नाव, वर्ग, कार्ड आहे की नाही, फेरतपासणी कधी, याची नोंद असावी. परभणीची फेरी मिळून काढावी. चौदा एप्रिलला त्याला स्टेजवर आणून कीव करण्यापेक्षा त्याच्यासाठी कार्यक्रमात काम ठरवावे : कोणी ध्वनिक्षेपक सांभाळील, कोणी त्रिशरण म्हणेल, कोणी हिशोब ठेवील.

कोल्हापूरच्या नसीमा हुरझूक यांना किशोरवयातच कमरेखालचे अधूपण आले. त्यांनी चाकाच्या खुर्चीवरून "हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड" ही संस्था उभी केली, वसतिगृह काढले, दिव्यांग आणि इतर मुले एकत्र शिकतील अशी शाळा काढली. सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी युद्धात गोळ्या झेलल्या आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. प्रत्येक लेकरू असे नाव करील असे नाही, आणि करायलाच हवे असेही नाही. दहावी पास होऊन गावात मानाने दुकान चालवणे, आयटीआय करून चार पैसे कमावणे, किंवा स्वतःची कामे स्वतः करत आईचा भार हलका करणे, हेही यशच आहे.

घटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात बाबासाहेबांच्या मसुदा समितीने शिक्षणाबरोबर अपंगत्वाच्या काळातली सार्वजनिक मदतही लिहिली. तो शब्द आपल्या घरापर्यंत आणायचे काम आपले आहे. या जून महिन्यात वस्तीतल्या ज्या घरात आठवी झालेले दिव्यांग लेकरू आहे, त्या घरी जावे आणि एवढेच विचारावे : "नववीचा प्रवेश झाला का? नसेल तर उद्या आपण दोघं शाळेत जाऊ."

नमो बुद्धाय. जय भीम.